मतदारांच्या मनातलं ओळखणारं मशीन

दर शुक्रवारी अमेरिकेतल्या एल्डर लेक गावच्या क्लबात तळलेल्या माशांवर झुंबड उडते. पण त्या संध्याकाळी ताटातले मासे गार झाले तरी कुणी हात लावेना. समोर पडद्यावर चमत्कार चालला होता!

"नाव सांगा! फक्त नाव!" मशीनवाला ब्रॅडी क्वेल गरजला. पांढरेशुभ्र बूट, पांढरेशुभ्र दात, गालाला चिकटलेला माइक.

"बर्निस टॉफ्ट," मागून एक आजी म्हणाल्या.

ब्रॅडीने डोळे मिटले, मशीनवरून हात फिरवला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'कुत्रा पाळतात. रस्त्यातल्या खड्ड्यांवर भयंकर राग. मतदान करणार, नक्की!'

"अगं बाई! माझा बस्टरसुद्धा कळला याला!" बर्निसआजी उभ्याच राहिल्या.

"आजी, हा मर्लिन आहे! उद्या तुमच्या मनात काय येणार, ते त्याला आजच ठाऊक असतं. कोण मतदानाला जाणार, हे शंभरात ब्याण्णव वेळा बरोबर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात टाळ्या डॉटी नोवाकच्या. ही डोनटच्या बेकरीची मालकीण. नगराध्यक्षपदाला उभी होती आणि मर्लिनला तिनेच आणलं होतं. फेब्रुवारीत पहिली फेरी, त्यातून दोघांची एप्रिलमध्ये अखेरची लढत. डॉटीला आताच खुर्ची दिसू लागली होती.

ब्रॅडीने नकाशा दाखवला. "हिरव्या घरांना पत्रं धाडा. हा लाल भाग, टॅनरी फ्लॅट्स, तिकडे फिरकूही नका. ते लोक मत देत नाहीत. मर्लिन म्हणाला, संपलं!"

डॉटीच्या काळजात बारीकशी कळ आली. तिचा जन्म टॅनरी फ्लॅट्समधलाच. पण टाळ्यांच्या गजरात ती कळ बुडून गेली.

हॉलमध्ये एकच माणूस शांतपणे जेवत होता. हाल्वरसन सर. अर्ध्या गावाला त्यांनी गणित शिकवलं होतं.

"सर, टाळ्या नाही वाजवल्यात?" डॉटीने विचारलं.

"मासा गार झाला की रबर होतो, डॉटी. आणि त्या कुत्र्याचा परवाना नगरपालिकेत असतो. खड्ड्यांवर बर्निसबाई दर महिन्याला पेपरात पत्र लिहितात. मत कुणाला दिलं हे गुप्त, पण मतदानाला कोण गेलं हे सरकारी दप्तरात कुणालाही बघता येतं."

"पण शंभरात ब्याण्णव, सर!"

"गेल्या वेळी जो गेला तो जाणार, जो नाही गेला तो नाही जाणार. हा माझा अंदाज. लावतोस पैज, ब्रॅडी?"

"आजोबा, खडूचा जमाना गेला!" ब्रॅडी खो खो हसला. पण सगळं गाव बघत होतं, तेव्हा 'हो' म्हणावंच लागलं.

"आणि डॉटी, उद्या आपण टॅनरी फ्लॅट्सला जायचं. प्रत्येक घरासाठी नाणं उडवायचं. छापा आला तर दार वाजवायचं, काटा आला तर पुढे चालायचं. म्हणजे घरांची निवड आपली नाही, नाण्याची!"

दुसऱ्या दिवशी गुडघाभर बर्फातून डॉटी डोनटचा खोका घेऊन हजर.

"तो गाडीत ठेव!" सर ओरडले. "एक तर ती लाच झाली. शिवाय लोक तुझ्यामुळे आले की डोनटमुळे, हे कळणार कसं?"

पहिल्याच दारात एक दाढीवाला गृहस्थ डोळे विस्फारून उभा राहिला. "मत मागायला? इथे? गेल्या वेळी दार वाजवलं ते पिझ्झावाल्याने, आणि तोही पत्ता चुकला होता!"

डॉटी इतकी हसली की टोपी बर्फात पडली. मग त्याने तिला आत बोलावलं, आणि बंद पडलेल्या बसबद्दल तो बराच वेळ बोलत राहिला.

पहिल्या फेरीत डॉटी कशीबशी दुसरी आली. मार्चमध्ये सरकारी आकडे निघाले आणि क्लब पुन्हा गच्च भरला. मर्लिनचा अंदाज शंभरात ब्याण्णव बरोबर. सरांच्या एका वाक्याचा, त्र्याण्णव!

"आता टॅनरी फ्लॅट्स," सर म्हणाले. "दार वाजवलेल्या घरांतून, न वाजवलेल्या घरांच्या दुप्पट माणसं मतदानाला आली."

"अपवाद!" ब्रॅडीचा माइक किंचाळला. "माझी पत्रं गेली त्या घरांतून बघा किती आले!"

"ती माणसं दर वेळी येतातच, बाबा. कोंबडं आरवलं म्हणून तांबडं फुटत नाही. पत्र न जाता किती आली असती, ते मोजलंस कधी? मर्लिन म्हणतो, हे मत देत नाहीत. म्हणून तिकडे कुणी जात नाही. कुणी जात नाही म्हणून ते मत देत नाहीत. मग मर्लिन म्हणतो, बघा, मी म्हटलं नव्हतं!"

"म्हणजे आजाऱ्याला औषध द्यायचं नाही," बर्निसआजी कडाडल्या, "आणि तो मेला की ज्योतिषाला हार घालायचा!"

हॉल हसून हसून लोळला. डॉटीही हसत होती, पण तिचे डोळे भरून आले होते. "माझी माणसं होती ती, सर. नकाशातल्या एका रंगावरून मी त्यांना सोडलं."

"मग आता धर."

तिने प्रत्येक दार वाजवलं. एप्रिलमध्ये ती निवडून आली, अगदी थोडक्यात. लोकांनी सरांना खांद्यावर घेतलं. "चमत्कार! हाल्वरसन सरांचा चमत्कार!"

"खाली ठेवा मला, गाढवांनो!" सर हवेत पाय झाडत ओरडले. "दारं वाजवल्याने मतं वाढतात, एवढं आपण मोजलंय. ती कशामुळे जिंकली, ते मला ठाऊक नाही! ठाऊक नाही म्हणायला लाजू नका. आकड्यांवर राग धरू नका, त्यांच्या पायाही पडू नका. प्रश्न विचारा आणि स्वतः जाऊन बघा!"