पंडिता केवळाबाई वाचनालयाची पाटी

मित्रांनो, अंगावर कुऱ्हाडीचे घाव दिसले म्हणून मला भंगार समजू नका. मी एका वाचनालयाची जुनी पाटी आहे. लातूर जिल्ह्यातल्या मुरुडजवळच्या एका गावात रस्त्याच्या कडेला मी टांगलेली असते.

माझा जन्मच मार खाऊन झाला. वैजनाथ पेंटरने एक गंजके पिंप कापले, हातोड्याने ठोकून मला सपाट केले आणि कोपऱ्यांत भोके पाडली. मग निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत लिहिले, ‘पंडिता केवळाबाई वाचनालय’.

केवळाबाई शेतकरी घरातल्या. नवरा गेल्यावर शेत सांभाळत त्या लातूरच्या विशाखाताईंकडे संस्कृत शिकल्या आणि गावातल्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवू लागल्या. त्याच बायकांनी हट्टाने त्यांच्या नावाआधी ‘पंडिता’ हा शब्द लावला. काही वर्षे मी मानाने मिरवले. लोक माझ्यापाशी उभे राहून फोटो काढत.

त्यातलाच एक फोटो मोबाइलवर फिरला. खाली कुणीतरी लिहिले होते, ‘या बाईने जात बदलली.’

त्याच दुपारी केवळाबाईंचा पुतण्या शेषेराव चार पोरांना घेऊन आला. हातात कुऱ्हाड होती.

“काकू, पाटी उतरव. पंडित हे दुसऱ्या जातीचं नाव. आपल्या घराला कशापायी लावलंस?”

“ते जातीचं नाव न्हाई, शेषेराव,” केवळाबाई म्हणाल्या. “संस्कृतात पंडा म्हणजे बुद्धी. ती ज्याच्या ठायी उपजली तो पंडित. आडनाव म्हणून लोकांनी मागून लावलं.”

“मला शिकवू नको.”

पहिला घाव माझ्या कडेवर बसला. दुसऱ्या घावात तार तुटली आणि मी एका कोपऱ्यावर लोंबकळू लागले. वैजनाथ मधे पडला, तर पोरांनी त्याला लाथांनी तुडवले. त्याचे उजवे मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग दगड सुरू झाले. माझ्या अंगाला पोचे पडत गेले. एक दगड मला चुकला आणि केवळाबाईंच्या डाव्या डोळ्यावर बसला. त्यांचे रक्त माझ्या अक्षरांवर उडाले. पत्र्याला रडता येत नाही मित्रांनो, तो नुसता वाजतो.

लातूरच्या दवाखान्यात तो डोळा काढावा लागला. भावकी खाटेभोवती जमली. “घरचं पोर हाय, नाव घेऊ नका,” म्हणाली. केवळाबाईंनी पोलिसांना शेषेरावचे नाव सांगितले. पोलीस त्याला घेऊन गेले.

वाचनालयाला कुलूप लागले. उरलेली तारही तुटून मी मातीत पडले होते, गुरे मला तुडवत जात. केवळाबाई परतल्यावर वैजनाथने डाव्या हाताने तार आवळून मला पुन्हा चढवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केवळाबाईंची थोरली जाऊ, शेषेरावची आई, तरातरा आली. जन्मात अक्षर न शिकलेली बाई. तिने वाकून दगड उचलला. वाचायला आलेल्या बायका मागे सरल्या. केवळाबाई जागच्या हलल्या नाहीत.

जाऊ माझ्याकडे बघत राहिली.

“एका शब्दापायी माझा लेक जेलात गेला, तुझा डोळा गेला,” ती म्हणाली. “अन् मला त्यो वाचता बी येत न्हाई. ह्यातला कोणता हाय?”

केवळाबाईंनी तिच्या मुठीतला दगड काढून घेतला आणि तिचे बोट धरून माझ्या पहिल्या अक्षराकडे नेले.

“ह्यो पं.”

मित्रांनो, मला नवा रंग दिला नाही तरी चालेल. पण कुणाच्या नावाला लागलेला शब्द तुम्हाला खुपला, तर आधी त्याचा अर्थ विचारा. आणि विचारताना हात रिकामे ठेवा.