मुठीतलं अंडं

विलायफोनच्या घरात 'खा' हा शब्द उच्चारायला बंदी होती. "जेवलीस का?" असं विचारत आलेल्या शेजारणीला ती जिन्याखालूनच परतवून लावायची, आणि लाओसमधल्या सावन्नाखेतमध्ये दारात आलेली बाई दुसरं काही विचारतच नाही. त्यामुळे चार महिन्यांत गल्लीतल्या निम्म्या बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. टाकलं तर टाकलं, तिला कुठं त्यांच्या गप्पांनी पोट भरायचं होतं.

पोट भरायचं होतं ते लेकीचं, मालिवानचं. पोरगी सहा वर्षांची, स्वमग्न, वजन चौदा किलो. खायची काय, तर वेताच्या छोट्या टोपलीतला चिकट भात, तोही स्वतःच्या हातानं गोळ्या वळून, आणि वर नारळपाणी. बाकी काहीही जवळ आलं की अंगावर पाल पडल्यासारखी किंचाळायची. वजन आणखी किलोभर उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरनं सांगून टाकलं होतं. दवाखान्यातल्या एका बाईंनी मात्र वाट दाखवली. उकडलेलं अंडं चटईच्या पार टोकाला ठेवायचं, त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, आणि आठवड्याला चार बोटं पुढं सरकवायचं. चार महिन्यांत ते टोपलीपाशी येऊन पोचलं. पोरगी त्याच्याकडे बघत नव्हती, पण किंचाळतही नव्हती.

विलायफोनची थोरली बहीण बुआखाम हे सगळं बघून दात-ओठ खायची. तिनं पाच पोरं वाढवली होती आणि त्या जोरावर ती जगाला शिकवत फिरे.

"पोरीचा जीव कुठंतरी भरकटलाय, विलाय," ती म्हणायची. "तो बोलावून आणायचं सोडून तू अंड्यापुढं काय बसलीयस?"

शेवटी तिनं कुणाला न विचारता बासीचा, म्हणजे जीव परत बोलवायच्या विधीचा, दिवस ठरवला, मंत्र म्हणणारे आजोबा बोलावले, केळीच्या पानांचा मनोरा रचला आणि सगळं गोत गोळा केलं. विलायफोनला अडवता आलं असतं. पण घरात आलेल्या म्हाताऱ्यांना हाकलणं तिलाही जमलं नाही, आणि त्याचा राग तिनं पुढं स्वतःवरच काढला.

बासीत ज्याचा जीव बोलवायचा त्याच्या तळहातावर भाताची गोळी आणि उकडलेलं अंडं ठेवतात. आजोबांनी ते मालिवानच्या हातात ठेवलं तेव्हा विलायफोननं डोळेच मिटले. किंकाळी आली नाही. डोळे उघडून बघते तर पोरीची बोटं अंड्याभोवती मिटलेली. आजोबा एका सुरात मंत्र म्हणत होते, एकेक जण येऊन मनगटाला पांढरा दोरा बांधत होता, आणि मालिवान तोच सूर गुणगुणत डुलत होती. अर्धा तास तिनं अंडं सोडलं नाही. चार महिन्यांत जे झालं नव्हतं ते बुआखामच्या आगाऊपणानं झालं. विलायफोनला ते कबूल करताना झोंबलं, पण मनातल्या मनात तिनं ते कबूल केलं.

इथं थांबायचं होतं. पण थांबेल ती बुआखाम कसली. पोरीच्या हातात अंडं बघून तिला चेव आला. तिनं ते काढून घेतलं, सोललं, भाताच्या गोळीत कुस्करलं आणि सगळ्यांदेखत पोरीची हनुवटी धरून घास तोंडात कोंबला.

"खा," ती म्हणाली. "आता बघा जीव परत येतो की नाही."

मालिवान घुसमटली, ओकली, आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून चटईवर आडवी झाली. विलायफोननं तो मनोरा लाथेनं उडवला नाही, एवढीच काय ती तिनं पाहुण्यांची लाज राखली.

"ऊठ," ती बहिणीला म्हणाली. "तुझी पाच पोरं तू वाढवली नाहीस, ती तुझ्या तावडीतून वाचलीत. पुन्हा हा जिना चढलीस तर मी बहीणबिहीण बघणार नाही."

म्हाताऱ्यांसमोर असं कुणी बोलत नाही. ती बोलली.

त्या दिवसापासून मालिवाननं भातही टाकला. त्यात अंडं शिरलं होतं ना. टोपली दिसली की तोंडावर हात जायचे. नारळपाण्याचे चार घोट तेवढे पोटात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी काटा तेरावर आला आणि दुपारी पोरीला नळी घालायला आणा, असा दवाखान्यातून निरोप आला.

नेमकी त्याच सकाळी बुआखाम जिना चढून आली. मनगटाचे दोरे तिसऱ्या दिवशी सोडायचे असतात, ही सबब. चेहरा उतरलेला होता, तोंड मात्र चालूच होतं. मी चांगल्यासाठीच केलं, मला काय माहीत, असं ती कोपऱ्यात बसून पुटपुटत राहिली. विलायफोननं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती दवाखान्याची पिशवी भरत होती. चटईवर ताज्या भाताची टोपली होती आणि सवयीनं ठेवलेलं अंडं.

मालिवान उठली. तिनं ते अंडं स्वतः उचललं, मावशीपुढं जाऊन तिच्या उजव्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं एकेक करून मिटली. मग टोपलीचं झाकण काढून भात हुंगला आणि वळून मावशीच्या मुठीकडे पाहिलं.

बुआखामचे डोळे भरले. पोरगी मला देतेय, असं म्हणत तिनं बहिणीला दाखवायला मूठ उघडली. टोपलीचं झाकण लगेच बंद झालं.

"मूठ मिट," विलायफोन म्हणाली. "तुला देत नाहीये ती. भातात पडू नये म्हणून तुझ्याकडे ठेवलंय."

बुआखामनं मूठ मिटली. बऱ्याच वेळानं झाकण पुन्हा उघडलं. मालिवाननं एक गोळी वळली, मूठ नीट बघून घेतली आणि गोळी तोंडात टाकली. मग दुसरी वळली. विलायफोननं पिशवी बाजूला सरकवली.

बुआखामच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. सकाळपासून तिच्याही पोटात काही नव्हतं.

"विलाय," ती हळूच म्हणाली, "किती वेळ बसू अशी?"

"तिचं होईपर्यंत. उद्या सातला ये. परवाही ये."

"म्हणजे तुझा राग गेला का गं?"

"नाही," विलायफोन म्हणाली. "आणि मूठ सैल सोडू नकोस."

बुआखामनं मूठ आवळली. मालिवाननं तिसरी गोळी वळायला घेतली.