जिंकलेल्या वादाची धास्ती

सौद्यांच्या दालनात त्याला सारे ‘वकील’ म्हणत. कायद्याचे पुस्तक त्याने जन्मात उघडले नव्हते; परंतु बाजार विरुद्ध गेला की तो थेट बाजाराशीच वाद घालू लागे. भाव पडला तर तो चुकून पडला आहे, हे तो साधार सिद्ध करी, आणि ऐकणाऱ्याला मान डोलावण्यावाचून गत्यंतर उरत नसे. दुर्दैव एवढेच, की भावाला डोलवायला मान नव्हती.

तो तांब्याचे वायदे करी. तीन महिन्यांनी हाती यायचे तांबे आज घ्यायचे किंवा विकायचे, आणि मधल्या चढउतारात पेढीचा फायदा करून द्यायचा, असा तो उद्योग. प्रत्येक सौद्यासोबत एक आकडा कागदावर लिहून सही करण्याचा दंडक होता: भाव इथवर उतरला की विचार न करता सगळे विकून मोकळे व्हायचे. याला स्टॉपलॉस म्हणत. माल मोठा असे, म्हणून विक्रीचा हुकूम यंत्रात आधीपासून घालून ठेवत नसत. बाजाराला वास लागे. वेळ आली की माणसानेच थोडे थोडे करून विकायचे. आणि तिथेच वकिलाचे घोडे पेंड खाई. वर्षभरात दोनदा भाव त्या आकड्याला टेकला होता, आणि दोन्ही वेळा त्याने स्वतःपुढे अशी काही बाजू मांडली की आकडा खाली सरकवणे हाच शहाणपणा ठरला. दोन्ही वेळा पेढीचे हात पोळले.

“आता तिसऱ्यांदा सरकवलात,” साहेब म्हणाले होते, “तर खुर्ची तळमजल्यावर. दुसऱ्यांच्या सौद्यांवर बरोबरच्या खुणा करत बसा निवृत्त होईपर्यंत.”

अशात त्याची सक्तीची रजा आली. वर्षातून एकदा प्रत्येकाने सलग दहा दिवस दालनापासून दूर राहायचे, अशी त्या धंद्याची रीत आहे. माणसाने काही दडवून ठेवले असेल, तर त्याचे सौदे दुसऱ्याच्या हाती गेल्यावर ते आपोआप उघडे पडते. वकिलाने काही दडवले नव्हते. त्याचे दुखणे निराळे होते. किलोला आठशे बहात्तर रुपयांनी घेतलेले तांबे घड्याळबाईंच्या स्वाधीन करून जायचे होते.

या बाई शेजारच्याच टेबलावर जस्ताचे सौदे करीत. एक वाजून दहा मिनिटांनी चहाला उठायच्या, पंचवीसला परत यायच्या. वकिलाशी वीस वर्षांत त्यांनी एकदाही वाद घातला नव्हता आणि याचा त्याला मनस्वी राग होता. त्याने सौद्याचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यावर त्याच्याच वळणदार अक्षरात होते: ‘आठशे चाळीसला सर्व विकावे. अपवाद नाही.’

“अपवाद नाही?” बाईंनी विचारले.

“नाही.”

“बरं,” म्हणून त्यांनी कागद काचेखाली सरकवला.

रजेच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, भाव आठशे बेचाळीसवर आला. वकील गॅलरीत कठड्याला रंग देत होता. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात मोबाइल. रजेवरच्या माणसाने सौद्यासंबंधी फोन करणे निषिद्ध होते, आणि दालनातला प्रत्येक फोन ध्वनिमुद्रित होत असे. हे दोन्ही त्याला ठाऊक होते. तरी त्याने फोन लावला. पूर्ण बारा मिनिटे तो बोलला. खाणींतले संप, गोदामांतला घटता साठा, गेल्या सात वर्षांतले याच महिन्यातले भाव, यातले काही म्हणून सोडले नाही. शेवटी म्हणाला, “तेव्हा आकडा आठशे दहावर न्या. माझ्या जबाबदारीवर. ऐकलंत ना?”

“ऐकलं,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत भाव सावरून आठशे सेहेचाळीसवर गेला. वकिलाला स्वर्ग दोन बोटे उरला.

“कुणाला तरी हरवलेलं दिसतंय,” बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवी आणि घरात त्याच्याशी वाद घालणे तिने लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सोडून दिले होते.

“घड्याळबाईंना. एक शब्द बोलता आला नाही त्यांना.”

“मग आता तो फोन द्या इकडे. रजा आहे ना? आणि गिझरची वायर जळलीय, ती बदला. महिना झाला, मी गॅसवर पाणी तापवतेय.”

त्याने उदार मनाने फोन दिला. दोन दिवस त्याने कठडा रंगवला, खिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल घातले, आणि शुक्रवारी सकाळी वायर आणायला कोपऱ्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेला. दुकानदाराने वेटोळे खाली काढले आणि मग जरा घुटमळला.

“गिऱ्हाईक परत पाठवू नये म्हणतात, पण तुम्ही शेजारचे. आठवडाभर थांबलात तर स्वस्त पडेल. तांबं गडगडलंय.”

“किती?” वकिलाने विचारले.

“काल दुपारपासून सुटलंय ते सुटलंयच. सातशे नव्वद म्हणतात. अहो, काय झालं? बसा, बसा. स्टूल घ्या.”

वकील स्टुलावर बसला. बारा मिनिटांतला शब्द न् शब्द त्याला आठवत होता, आणि त्यात एकही फट सापडत नव्हती. इतका बिनतोड युक्तिवाद त्याने उभ्या आयुष्यात केला नसेल. घड्याळबाईंनीच काय, दगडानेही तो मानला असता. आयुष्यात पहिल्यांदाच तो मनोमन विनवीत होता, की आपले बोलणे कुणाला पटलेले नसू दे.

तो तसाच, रंगाचे डाग पडलेल्या सदऱ्यानिशी, पेढीच्या इमारतीत पोहोचला. फाटकापाशी त्याने कार्ड लावले. लाल दिवा लागला.

“साहेब, तुम्ही रजेवर, तुमचं कार्डही रजेवर,” पहारेकरी हसत म्हणाला. “कोणाला बोलावू?”

“नको. किती वाजले?”

“एक वाजून आठ.”

दोन मिनिटांनी उद्वाहनाचे दार उघडले आणि घड्याळबाई बाहेर आल्या. त्याला पाहून त्या थांबल्या; मग त्यांची नजर त्याच्या सदऱ्यावरून फिरली.

“छान आहे रंग. कठड्याला का?”

“बाई, माझं तांबं—”

“रजेवरच्या माणसाशी त्याच्या सौद्याबद्दल बोलायचं नाही. नियम आहे.”

“ठाऊक आहे मला नियम! एकच सांगा. आकडा तुम्ही खाली नेलात का? मी त्या दिवशी जे बोललो ते सगळं चूक होतं असं समजा.”

“चूक नव्हतं. चांगलं बोललात. मला तर बरंचसं पटलंही.”

वकिलाचे एवढे मोठे अभिनंदन कुणी केले नव्हते, आणि एवढे जीवघेणेही.

“नियम मोडायचा नाही मला,” बाई शांतपणे पुढे म्हणाल्या, “पण नियम सौद्याबद्दल आहे. तुमचा सौदा असता, तर मी अवाक्षर काढलं नसतं. नाहीच आहे, तर कशाबद्दल गप्प बसू?”

“नाहीच आहे?”

“तुमचा तो खाणींतल्या संपाचा मुद्दा चालू होता ना, तेव्हा भाव चाळीसला टेकला. मी विकायला सुरुवात केली. गोदामांवर आलात तोवर निम्मं संपलं होतं. तुम्ही ‘ऐकलंत ना’ म्हणालात, तेव्हा शेवटचा लॉट गेला.”

“पण तुम्ही तर ‘ऐकलं’ म्हणालात!”

“ऐकलं की. विक्री हातानं चालली होती, कान मोकळेच होते.”

वकील इतक्या मोठ्याने हसला की पहारेकऱ्याने मान वळवली. आपण सकाळपासून उपाशी आहोत हेही आता त्याच्या ध्यानात आले.

“पण बाई, पटलं होतं, तर विकलंत कसं?”

“कागदावर ‘पटल्यास विकू नये’ असं लिहिलं नव्हतं. चला, माझी चार मिनिटं गेली. आणि हो, तुमचा फोन आला होता हे मी साहेबांना लेखी कळवलंय. ते करावं लागतं.”

“करायलाच हवं,” वकील म्हणाला. “चहा माझ्याकडून.”

“अकरा मिनिटांत होईल तेवढाच.”

रजा संपल्यावर साहेबांनी त्याला खोलीत बोलावले. सौदा ठरल्या आकड्याला कापला गेल्याने तळमजल्याचा प्रश्न उरला नव्हता. त्या निषिद्ध फोनबद्दल मात्र समजपत्र टंकून तयार होते. वकिलाने ते दोनदा वाचले. फोन ‘दहा मिनिटे’ चालला, असे त्यात लिहिले होते. तो बारा मिनिटे चालला होता. दुसऱ्या परिच्छेदात तर तारीखही एक दिवसाने चुकली होती. एवढ्यावर कुठलाही वकील आख्खे पत्र रद्द करवून घेऊ शकला असता. त्याचे तोंड उघडले.

“काही म्हणायचंय?” साहेबांनी खुर्चीत मागे रेलत, दुपार गेलीच अशा तयारीने विचारले.

वकिलाने तोंड मिटले, पेन काढले आणि सही केली.

साहेब पुढे झुकले. “तुमची तब्येत बरी आहे ना?”

“फार बरी आहे,” वकील म्हणाला. “घरी गिझरसुद्धा चालू झालाय.”