वितळलेल्या टिकल्या

बिट्टीच्या नाचाच्या दिवशी सकाळी तिच्या बाबानं कुणी न सांगता एक काम केलं. तिच्या गडद निळ्या फ्रॉकला सुरकुत्या दिसल्या म्हणून त्यानं वरून इस्त्री फिरवली. फ्रॉकवरच्या चंदेरी टिकल्या प्लास्टिकच्या होत्या. त्या वितळून भराभरा इस्त्रीला चिकटल्या. उरल्यासुरल्या त्यानं नखानं खरवडून काढल्या, तेव्हा हातात राहिला नुसता निळा फ्रॉक. बिट्टीची आई नर्स, ती पहाटेच ड्यूटीला गेली होती आणि जाताना बजावून गेली होती, "फ्रॉक तयार आहे, त्याला हात लावू नकोस."

नाच चांदण्यांचा होता. बिट्टीनं फ्रॉककडे पाहिलं, मग बाबाकडे.

"आता मी कसली चांदणी?" ती म्हणाली.

रडली असती तर बरं झालं असतं, निदान समजूत तरी घालता आली असती. शाळेत तिला नाचाच्या बाईंच्या हवाली करून तो टिकल्या शोधायला धावला. दुकानं अजून उघडायची होती. कुठूनशी एक पुडी मिळवून धापा टाकत परतला, तर सभागृहात टाळ्या वाजत होत्या आणि पडदा पडत होता.

घरी येताना गाडीत बिट्टीनं दोनदा "बाबा, ऐक ना" म्हणून पाहिलं. पण बाबाचं "चुकलं माझं, बाळा" काही थांबेना. तो तिला बोलूच देईना. शेवटी ती खिडकीबाहेर बघत बसली आणि बाबानं मनाशी ठरवून टाकलं की पोरगी रुसली.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याच्या मोबाइलवर वर्गाच्या ग्रुपमधून नाचाचा फोटो आला. तो बोर्ड आणि बॅनर छापायच्या दुकानात डिझायनर होता. त्यानं फोटो मोठा करून पाहिला. आजूबाजूच्या सगळ्या पोरी लुकलुकत होत्या आणि मधोमध त्याची बिट्टी, कोरीच्या कोरी.

दागिन्यांच्या जाहिरातींसाठी मालकांनी एक प्लगइन घेऊन ठेवलं होतं. चित्रात जिथे उजेड असेल तिथे ते आपणहून चमचमत्या चांदण्या काढून द्यायचं. त्यानं फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि ते चालवलं. पहिल्या फटक्यात बाईंच्या चष्म्यावर दोन चांदण्या उगवल्या, माइकच्या दांड्यावर एक आणि एका पोरीच्या पुढच्या दातावर चांगली भलीमोठी. ते सगळं पुसून त्यानं फक्त बिट्टीचा फ्रॉक निवडला. ठिपके बारीक केले, किरणं आखूड केली, घडीच्या सावलीत चमक कमी ठेवली. जेवणाची सुट्टी त्यातच गेली. फोटो ग्रुपवर टाकल्यावर कुठे त्याला हायसं वाटलं.

ते फार टिकलं नाही. "आमचीच तेवढी फिकी दिसते आता," एका आईनं लिहिलं. दुसरीनं विचारलं, "आमच्याही फ्रॉकवर टाकाल का थोडं?" बघता बघता सगळ्यांनीच लकडा लावला.

शाळा सुटल्यावर बिट्टी नेहमीसारखी दुकानात आली. त्यानं मोठ्या हौसेनं तिला कॉम्प्युटरच्या पडद्यापुढे उभं केलं.

ती पडद्याजवळ वाकली. "हे काय केलंस?"

"तुझ्या टिकल्या परत आणल्या."

"पण मी आकाश होते ना!"

बाबाला काही उलगडेना. मग तिनं एकदाचं सांगितलं. फ्रॉक पाहून बाई म्हणाल्या होत्या, चांदण्या पुष्कळ झाल्या, त्यांना राहायला जागा नको का? त्यांनी तिला शेवटच्या रांगेतून काढून मधे उभं केलं होतं. बाकीच्या तिच्याभोवती फिरल्या होत्या. हात पसरून तिनं एकटीनं गिरकीसुद्धा घेतली होती.

"गाडीत सांगत होते, तर तू ऐकतच नव्हतास."

बाबा खुर्चीत मागे टेकला. "मी बघितलंच नाही गं काही," तो हळूच म्हणाला.

"माहितीये. मी शोधत होते तुला."

त्यानं माऊस हातात घेतला आणि बिट्टीच्या फ्रॉकवरची सगळी चमक काढून टाकली. निळा रंग पुन्हा शांत झाला. मग त्यानं प्लगइन बाकीच्या पोरींवर चालवलं आणि बिट्टी शेजारी स्टूल ओढून मालकासारखी हुकूम सोडू लागली.

"हिला अजून दे, ही छान नाचते. हिला कमी. माझ्या पायावर पाय दिला तिनं."

"असं नाही करायचं. सगळ्यांना सारखं."

"बरं, मग सारखं. पण तिची एक काढ."

त्यानं एक काढली.

नवा फोटो ग्रुपवर गेला, तशा सगळ्या खूश झाल्या. एकीनं मात्र काळजीनं विचारलं, "अहो, आणि तुमचीच कशी राहिली?" बाबा उत्तर लिहायला लागला, दोनदा खोडलं. बिट्टीनं त्याच्या हातातून फोन घेतला आणि बटण दाबून बोलली, "काकू, मी राहिले नाही. मी आकाश आहे."

फोन परत देऊन ती स्टुलावरून उतरली, खुर्ची थोडी मागे ढकलली आणि बाबाला म्हणाली, "तू बस इथे. मी नाचून दाखवते."

दुकानात रोल आणि कात्रणं पसरलेली होती. बाबानं ती पायानं बाजूला सारून तिला जागा करून दिली.