गाडी बसवायला सहा पोती

घाटनांदूरच्या भुसार पेठेत गुंडप्पांचा एक नियम सगळ्यांना ठाऊक होता: माल आधी हातात घ्यायचा, दाताखाली फोडायचा, मग भाव विचारायचा. हा नियम त्यांनी आयुष्यात एकदाच मोडला. नव्याण्णव साली पुण्याच्या एका बिल्डरने जुनी विलायती जीप दाखवताना बटण दाबलं, गाडी खाली बसली आणि गुंडप्पा भाव न विचारताच हो म्हणाले.

गाडी खरोखर बसायची. तिच्या चाकांवर पोलादी स्प्रिंगांऐवजी हवा भरलेले रबरी फुगे होते. एक बटण दाबलं की हवा सुटून ती दावणीच्या बैलासारखी निवांत खाली येई. दुसरं दाबलं की उभी.

गुंडप्पांना ती हवी होती बायकोसाठी. नीलाबाईंचे गुडघे गेले होते, वजन मात्र जागेवर होतं. आधीच्या उंच जीपमध्ये त्यांना चढवायला ड्रायव्हर आश्रुबा वरून ओढायचा, दुकानाचे दोन हमाल खालून रेटायचे आणि गुंडप्पा बाजूला उभे राहून "सांभाळून, सांभाळून" म्हणायचे. ज्वारीची पोती चढवतानाही ते हेच म्हणत. तीन वर्षांपूर्वी कपिलधारच्या यात्रेत, मन्मथस्वामींच्या दारात, हजार माणसांपुढे हा कार्यक्रम झाला आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "लावा जोर!"

नीलाबाईंनी त्याच दिवशी सांगून टाकलं, "आता कुणाचा रेटा न्हाई. माझ्या पायानं चढंन तवाच स्वामींकडं यीन."

त्यानंतर यात्रा बंद.

दसऱ्याला त्या बसलेल्या गाडीत नीलाबाई एकट्या चढल्या. पुढच्या सीटवर पदर सारखा करत म्हणाल्या, "औंदा कार्तिक पौर्णिमेला कपिलधार."

मग गुंडप्पांनी भुसार व्यापाऱ्यालाच जमेल अशी चूक केली. वस्तू किमती म्हणून गाडी धान्याच्या गोदामात कुलपाआड ठेवली. पंधरा दिवसांत उंदरांनी ज्वारी सोडून विलायती रबर चाखून पाहिलं. गाडी बसली ती उठेनाच.

ट्रॅक्टर दुरुस्त करणारा राधाकिशन गाडीखाली जाऊन बाहेर आला. "मालक, चारी फुगे गेले. नवे मुंबईहून मागवावे लागतील. दोन महिने तरी."

"पौर्णिमेला अठरा दिवस हायत बे!"

"मग वेटोळ्याची स्प्रिंग टाकतो. भंगारातली हाय, पण पोलाद. हवेचा काय भरोसा? उंदीर स्प्रिंग खातोय का?"

स्प्रिंगा बसल्या. गुंडप्पांनी गाडी ओढ्यातून काढली, बांधावरून उडवली आणि पेठेत जाहीर केलं, "हवा ती हवाच. पोलाद ते पोलाद!"

घरी नीलाबाईंनी पाय उचलून बघितला, पायरीला बोटं लावली आणि म्हणाल्या, "चार बोटं जास्त हाय."

"चौरंग ठेवू की."

"आन् तिथं हजार माणसांत मांडू? मी काय नवरदेव हाय?"

"मग आता गाडीला खाली बस म्हणू का?"

नीलाबाईंनी गाडीची मागची बाजू हातानं दाबून पाहिली. तीस वर्षं दुकानासमोर ट्रक भरताना बघणारी बाई ती. यात्रेच्या सकाळी त्यांनी हमालांना हाक मारली. "ज्वारी भरा मागं."

एक पोतं पडलं, नीलाबाईंनी पायरी मापली. दुसरं, तिसरं. गुंडप्पा धावत आले. "हे कशापायी?"

"तीन वर्षांमागं तुमी स्वामींच्या अन्नछत्राला पाच पोती बोललात. दर साली 'पुढच्या साली' म्हणता."

"ते देणारच हाय गं! पण माझ्या गाडीत?"

पाच पोती झाली. नीलाबाईंनी पुन्हा मापलं. "बोटभर ऱ्हायलंय. आणखी एक टाका."

"बोललो पाच!"

"सहावं उशीर केल्याचं."

सहाव्या पोत्याला स्प्रिंग दबली. नीलाबाईंनी दांडी धरली, पाय टाकला आणि चढल्या. हमालांनी हात मागे बांधून ठेवले होते.

कपिलधारला त्या आपल्या पायाने उतरल्या, दर्शन घेतलं. इकडे पोती उतरली आणि गाडी चार बोटं उठून उभी राहिली. गुंडप्पांना जरा बरं वाटलं. "आता कशी चढशील? इथं पोती कुठली?"

"पोती कशाला?" नीलाबाई म्हणाल्या. त्यांच्यामागे घाटनांदूरहून तीन दिवस चालत आलेल्या बाया उभ्या होत्या. "सहा पोत्याला दहा बाया. मी हिसाब केलाय."

ज्या गाडीत गुंडप्पांनी सख्ख्या मेव्हण्यालाही बसवलं नव्हतं, तिच्यात छबुबाई, चतुराबाई, साखराबाई गाठोड्यांसकट शिरल्या. गुंडप्पा कळवळले, "गाडीची काळीपिवळी केली हिनं!"

नीलाबाईंनी बोटं लावली. "अजून बोटभर कमी हाय."

"चालून चालून वाळल्यात समद्या," आश्रुबा म्हणाला आणि मालकाकडे वरपासून खालपर्यंत बघू लागला. "मालक, तुमी बसा मागं."

"मी? बायांत?"

"बोटभराचाच सवाल हाय."

मागच्या दारात टाचभर जागा उरली होती. गुंडप्पांनी एक पाय आत घातला, दुसरा निघेना. आतून चतुराबाईंनी दंड धरून ओढलं, खालून आश्रुबानं खांदा लावला. प्रसादाच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली.

नीलाबाई बाजूला उभ्या होत्या.

"सांभाळून, सांभाळून," त्या म्हणाल्या.

गाडी बोटभर खाली आली. मग त्यांनी पाय उचलला.