आमच्या घरातलं ‘बघू’

मेव्हणीचा फोन आला तेव्हा मी दुकानात पँटच्या मापासाठी दातांच्या डॉक्टरांच्या कमरेला टेप लावून उभा होतो. फोन खांद्याने कानाशी दाबून धरला. ती म्हणाली, “भावोजी, ताई गेली.”

मी म्हणालो, “आता कुठे गेली? संध्याकाळी घरी यायचं ठरलंय ना तिचं?”

मेव्हणीचा गुडघा धरला होता म्हणून बायको तिच्याकडे राहायला गेली होती. कधीही फोन करा, ती भाजीला तरी गेलेली असायची, नाहीतर औषध आणायला. म्हणून मी वैतागून बोललो. मेव्हणी रडायला लागली तेव्हा मला कळलं. पहाटे, झोपेतच. डॉक्टरांनी आत ओढून धरलेलं पोट सोडलं आणि माझ्या हातातली टेप ताणली गेली.

त्यानंतर मला सुखी करायचं काम सगळ्यांनी अंगावर घेतलं. दुःख एकीकडे, आणि ह्या लोकांचा ताप एकीकडे. शेजारीण म्हणाली, रोज फिरायला जा. मेव्हणी म्हणाली, फोटोकडे बघत बसू नका. मी बसतच नव्हतो, दुकान कोण उघडणार? पण सगळ्यांत पुढे आमचे जावई. ते एका कंपनीत शिबिरं घेऊन लोकांना काम कसं करावं ते शिकवतात. स्वतः काय काम करतात ते लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला कळलेलं नाही. रोज सकाळी फोनवर त्यांचा आवाज यायचा, “बाबा, सुखी व्हायचं तर आधी प्राधान्यक्रम ठरवा. आयुष्यातल्या तीन गोष्टी निवडा.” मी त्यांना डॉक्टरांची पँट, शाळेतल्या बाईंचा कोट आणि दूध अशा तीन गोष्टी सांगितल्या. ही कामं झाली, प्राधान्यक्रम नव्हे, असं ते म्हणाले. मग तुमचं शिबिर शिंप्यांसाठी नसेल, म्हणालो.

शेवटी त्यांनी मनातलं सांगितलं. दुकान बंद करा, सामान विकून टाका, आमच्याकडे या. स्वतंत्र खोली आहे, खिडकीत ऊन येतं, आराम करा. समोरून मुलगीही फोनवर होती. तिच्यासमोर नाही म्हणवेना. मी म्हणालो, “बघू.”

इथेच घोळ झाला. आमच्या घरात हा शब्द सरळ नव्हता. बायको ‘बघू’ म्हणाली की ते नाही. मुलगी लहानपणी सायकल मागायची, आणि ‘बघू’ ऐकलं की लगेच रडायला बसायची. वाट बघण्यात वेळ घालवायची नाही. माझ्या ‘बघू’चा अर्थ मलाही माहीत नसायचा. दुकानाच्या आतल्या खोलीत, पडद्यामागे शर्टांची काजं करता करता बायकोच विचारणाऱ्याला सांगायची, “ते येणार नाहीत,” किंवा “पान मांड, येतील.” आणि तसंच व्हायचं. जावयांच्या घरी मात्र ‘बघू’ म्हणजे हो, फक्त जरा मान राखून म्हटलेलं.

पुढच्या रविवारी दुकानासमोर टेम्पो येऊन उभा राहिला.

मी तेव्हा डॉक्टरांची पँट उसवत होतो. दुसऱ्यांदा परत आली होती, कमरेत तंग म्हणून. त्यालाही कारण होतं. माप घेताना माणसं पोट आत ओढतात. बायको नेमकं तेव्हाच आतून विचारायची, आईंची तब्येत कशी आहे, घराचं काम कुठवर आलं. उत्तर द्यायला माणूस श्वास सोडायचा आणि मी खरं माप धरायचो. “माप आहे ते घ्यावं, हवं ते नाही,” असं ती म्हणायची. आता पडदा गप्प. लोक दाखवतात ते माप मी घेतो, आणि निम्मे कपडे परत येतात.

टेम्पोतून दोन हमाल उतरले. काही विचारायच्या आत आतल्या खोलीत गेले आणि बायकोचं शिलाई मशीन खोलायला लागले. मागोमाग मुलगी आणि जावई. हे काय चाललंय, मी विचारलं. जावई म्हणाले, तुम्हीच तर बघू म्हणालात, मग आम्ही तयारी केली. मला इतका राग आला की त्यांच्याशी बोलवेना. मुलीकडे वळलो. म्हणालो, ह्यांना माहीत नसेल, तुला तर माहीत आहे आपल्याकडे बघू म्हणजे काय.

“आईचं माहीत होतं,” ती म्हणाली. “तुमचं बघू म्हणजे काय, ते मी आईला विचारायचे. आता कुणाला विचारू?”

तेवढ्यात एक हमाल पाना हातात घेऊन बाहेर आला. उचलायचं की ठेवायचं ते सांगा, आम्हाला पुढचं भाडं आहे, म्हणाला. खरं तर इतक्या दिवसांत मला सरळ प्रश्न विचारणारा तो पहिलाच.

“ठेवा,” मी म्हणालो. “मला यायचं नाही.”

जावई म्हणाले, “पण बाबा, तुम्ही इथे सुखी नाही.”

“नाहीच. ती नाही तर कसा असेन? पण इथे ती नाही हे मला दिसतं. तुमच्याकडे आलो तर वाटत राहील, ती घरी आहे आणि मीच पाहुणा म्हणून आलोय. मग मी परत जायची वाट बघत बसेन. मला इथे राहायचंय, काम करायचंय, आणि तुमच्या मुलांना भेटायचंय. बाकी काही ठरवायचं नाही.”

मुलगी स्टुलावर बसली. थोडा वेळ रडली, मग हसायला लागली. म्हणाली, एवढं सरळ तुम्ही आईशीसुद्धा बोलला नसाल. जावई हळूच म्हणाले, हाच तर प्राधान्यक्रम. मी वाद घातला नाही. त्यांचंही समाधान व्हायला हवं.

निघताना मुलीने विचारलं, पुढच्या रविवारी जेवायला याल का. माझ्या तोंडून “बघ” एवढं निघालं होतं. ती थांबली. मी म्हणालो, “येईन. दुपारी. संध्याकाळी परत.” टेम्पो गेल्यावर चहा केला आणि बसून प्यायलो. बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. टेप लावली आणि म्हणालो, पोट सोडा. त्यांना आवडलं नाही, पण सोडलं.

हमालांनी बायकोचं मशीन अर्धवट खोलून ठेवलंय. वरचा भाग टेबलावर आहे, स्टँड भिंतीशी, पट्टा जमिनीवर. ते अजून जोडायचं राहिलंय.