तारेच्या तुकड्याचा हेवा

मित्रांनो, मी सातपूरच्या एका शाळेतली जुनी दुर्बीण. उज्वलाबाई नव्याने शिकवायला लागल्या, तेव्हा त्यांनी काच घासून घासून माझा आरसा घडवला. पुढे कित्येक वर्षं गच्चीवर माझ्यापुढे मुलांची रांग लागायची. मग सगळ्यांच्या मोबाईलवर रंगीत ग्रह आले आणि मी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात गेले.

यंदा बाईंनी त्याच प्रयोगशाळेत गुरूचे चंद्र शिकवायला घेतले. आता माझी आठवण होणार, असं मला वाटलं. पण बाईंनी काढला तारेचा तुकडा आणि दिला पुढच्या बाकावरच्या आयतच्या हातात!

"आयत, ही एकाच जागी भराभर पुढे-मागे वाकव. आता बोट लाव."

"अरे बापरे! तापली की!"

अख्खा वर्ग तारेभोवती गोळा झाला. माझा नुसता तिळपापड! चंद्र दाखवायचे मी आणि कौतुक हिचं?

बाई सांगू लागल्या, "आयो हा चंद्र फिरताना गुरूच्या कधी जवळ जातो, कधी लांब. जवळ आला की गुरू त्याला जास्त ताणतो, लांब गेला की ताण सैलावतो. म्हणून तोही या तारेसारखा आतून तापतो, ज्वालामुखी फुटतात. युरोपा जरा लांब आहे, तो कमी तापतो. तरी त्याच्या बर्फाखाली बहुधा समुद्र आहे."

सरफराजने विचारलं, "मग त्याची वाट गोल का नाही होत?"

"या ताणानं झालीही असती, आणि आयो थंडावला असता. पण शेजारचे चंद्र ठरल्या वेळी त्याला ओढतात. म्हणून वाट लांबट राहते."

तेवढ्यात तार तुटली. मला बरं वाटलं.

"बाई, तो चंद्र बघायचाय," आयत म्हणाली.

संध्याकाळी मला गच्चीवर नेलं. पण आरशावर धुळीचा थर! नुसतं धुकं, बाकी काही दिसेना.

"भंगारात देऊ का?" शिपाई धनराजने विचारलं. त्या तुटक्या तारेला मात्र बाईंच्या टेबलावर जागा होती!

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझा आरसा काढून शुद्ध पाण्याने धुतला आणि न पुसता सुकू दिला.

संध्याकाळी आयतने डोळा लावला. "बाई, चार मोठ्या चंद्रांपैकी तीनच आहेत. आयो कुठंय?"

"गुरूच्या सावलीत असेल. थांब जरा."

मागची मुलं कुरकुरली, पण ती हलली नाही. हळूच अंधारातून एक ठिपका उजळला.

"आला! आत सगळा खदखदतोय ना तो?"

नुसत्या ठिपक्याला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. ही नजर तिला तारेनं दिली, हे मला कळलं, आणि माझा पुन्हा जळफळाट झाला.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझं एखादं भावंड धूळ खात असेल. त्याच्या आरशाला बोटं लावू नका, झाकण विसरू नका, आणि आभाळ मोकळं असेल तेव्हा त्याला बाहेर काढा. सोबत तार आणायची तर आणा. रांग मात्र आमच्यापुढेच लावा!